रुमालाच्या धाग्यास कुलूप पडलें, ती हकिकत

श्रीगजानन प्रसन्न, वाग्देवता प्रसन्न, आणि थांब्यावर उभें राहून वाट पाहणारांची सबुरी प्रसन्न असो. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं एका राज्यांत जें वर्तमान घडलें तें ऐकिलें आणि वाचिलें त्याप्रमाणें लिहिलें असे. हें राज्य जमिनीवर नव्हे. कोट, बुरूज, नदी, डोंगर यांपैकीं तेथें कांहीं नाहीं. लाल गाडीनें प्रवास करणाऱ्या हौशी लोकांनीं एकमेकांशीं बोलावें म्हणून जयवंतराव उरुणकर या गृहस्थांनीं आंतरजालावर जागा घेऊन तें वसविलें, आणि अकरा हजार रयत तेथें नांदत होती. कोणी नुसत्या हॉर्नवरून गाडी कोणत्या आगाराची तें सांगे, कोणी जुनीं तिकिटें जपून ठेवी, कोणी घाटाचीं वळणें मोजी. एकानें विषय काढिला म्हणजे त्यास धागा म्हणावें आणि बाकीच्यांनीं खालीं लिहिलें त्यास प्रतिसाद म्हणावें, ऐसी तेथील बोली. राज्य उत्तम चालिलें, परंतु त्यास एक रोग जडला, तो हा, कीं तोच वाद पुनःपुन्हा उठे. आणि सर्व वादांत थोर वाद रुमालाचा. गाडी फलाटास लागतांच बाहेरून खिडकींतून रुमाल आंत टाकिला, तर जागा धरली गेली कीं नाहीं, यावर राज्यांत दोन फौजा जाहल्या. धरली गेली म्हणणारे ते रुमालवाले. त्यांचे सरदार नामदेवराव कुंभारकर, एकतीस वर्षें करमाळ्याकडे कंडक्टरी करून घरीं बसलेले. जो आधीं बसेल त्याची जागा म्हणणारे ते बसणारे. त्यांच्या सरदार वैजयंतीबाई नाडगौडा, सांगलीच्या वकील. नामदेवराव लिहीत, "रुमाल म्हणजे माणसाचा शब्द असतो, वकीलबाई." आणि वैजयंतीबाई लिहीत, "मग त्या शब्दाचं तिकीट फाडता का, कंडक्टर?" आणि मग तीनशें प्रतिसाद होत, आणि मग एकमेकांचीं गांवें काढिलीं जात, आणि मग चांगलीं चांगलीं माणसें रुसून राज्य सोडून जात, आणि पंधरा दिवसांनीं कोणी नवखा येऊन तोच प्रश्न पुन्हा पुसे. एका वर्षांत दोन हजार रयत उठून गेली. तेव्हां जयवंतराव चिंतेंत पडले.

मग त्यांनीं मसलत करून कऱ्हाडच्या शशिकलाबाई ढमढेरे यांस बोलाविलें. बाई एकसष्ट वर्षांच्या, तीस वर्षें बसस्थानकाच्या चौकशी खिडकींत काढिलेल्या. गाडी कधीं येणार, हा एकच प्रश्न दिवसांत चारशें वेळां ऐकूनही ज्यांचा आवाज चढला नाहीं, ऐशा त्या. जयवंतरावांनीं दूरध्वनीवर विनविलें, "बाई, राज्य तुमच्या हवाली. किल्ल्या घ्या आणि भांडणं आवरा." बाई म्हणाल्या, "आवरते. पण मध्ये कुणी लुडबुड करायची नाही." ऐसा करार होऊन श्रावणमासीं बाईंनीं अधिकार घेतला, आणि पहिल्या आठवड्यांतच जुने सर्व वाद वाचून त्यांचे सात गठ्ठे केले. पहिला गठ्ठा रुमालाचा, दुसरा चालकाच्या पाठीमागील जागेचा, तिसरा जुना रंग बरा कीं नवा याचा, चौथा गाडी हात करून थांबवावी कीं नाहीं याचा, पांचवा गाडी उशिरा कां येते याचा, सहावा नवख्यांच्या प्रश्नांचा आणि सातवा किरकोळ. आणि नेम ऐसा केला, कीं नवा धागा आला म्हणजे पहिल्या दोन ओळी वाचाव्या, गठ्ठा ओळखावा, धाग्यास कुलूप लावावें, आणि खालीं लिहावें, "हा वाद पूर्वी झाला आहे. गठ्ठा अमुक पाहावा." कुलूप लागलें म्हणजे त्या धाग्यावर कोणास कांहीं लिहितां येत नसे, आणि तो तळाशीं जाऊन बसे. बाईंचा हात विलक्षण चपळ. भाजी चिरतां चिरतां कुलूप, देवळाच्या पायरीवर बसून कुलूप. चार महिन्यांत चारशें बारा कुलुपें लागलीं, आणि राज्यांत शांतता जाहली, आणि रुसून गेलेल्यांपैकीं कित्येक परत आले, आणि जयवंतरावांनीं सर्वांदेखत बाईंची तारीफ केली. बाई संतोष पावल्या. कोणी पुसलें, कीं इतकें झटकन कैसें ओळखतां, तर म्हणत, "खिडकीसमोर माणूस उभं राहिलं की तोंड उघडायच्या आधी मला गाडी कळायची. इथे तर दोन ओळी मिळतात." आणि तें खोटें नव्हतें, चारशें वेळां खरें ठरलेलें होतें.

मग मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शुक्रवार, त्या दिवशीं सकाळीं बाई आमटीस फोडणी देत असतां धागा आला. काढणाऱ्या फरजाना तांबोळी, बार्शीस शिवणकामाचे वर्ग घेणाऱ्या, राज्यांत नवख्या. धाग्याचें नांव, "रुमाल टाकलेल्या सीटवर बसले, चुकलं का?" आणि पहिल्या दोन ओळी ऐशा, "नमस्कार. काल करमाळ्याहून बार्शीला येताना एका सीटवर खिडकीतून टाकलेला रुमाल होता. तो उचलून मी बसले, हे चूक की बरोबर?" बाईंनीं इतकें वाचलें, गठ्ठा पहिला म्हणून ओळखिलें, आणि मोहरी तडतडून जिरें घालीपर्यंत कुलूप पडलें. दुसरे दिवशीं चंपाषष्ठी. बाईंच्या घरीं खंडोबाचें नवरात्र उठलें, वांग्याचें भरीत आणि रोडगे जाहले, लेकीसुना जेवून गेल्या. आणि सप्तमीस रविवारीं सकाळीं बाई चहा घेत बसल्या असतां फरजानाबाईंचा व्यनि आला. व्यनि म्हणजे एकट्यास धाडिलेला निरोप, बाकीच्या रयतेस तो दिसत नाहीं. त्यांत लिहिलें होतें, "बाई, माझा धागा तुम्ही बंद केलात, त्याचा राग नाही. पण चौथी ओळ वाचलीत का? उद्या सकाळी दहापर्यंतच वेळ आहे."

बाईंनीं धागा उघडून चौथी ओळ वाचली, आणि चहा निवून गेला. तो रुमाल नुसता रुमाल नव्हता. हिरव्या चौकड्यांच्या मोठ्या रुमालांत कागद बांधिलेले होते: शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, अवजड वाहनाचा परवाना, आणि चालकांच्या भरतीचें बोलावणें. सोमवारीं सकाळीं दहा वाजतां सोलापुरास हजर व्हावें, मूळ कागद दाखवावे, न दाखविल्यास उमेदवारी रद्द. नांव सुवर्णा दगडू वाघमोडे, राहणार वडगांव. मोबाइलचा आंकडा लिहिलेला, पण त्यावर पाणी सांडून तो पुसला गेलेला. फरजानाबाईंनीं पुढें लिहिलें होतें, "माझ्या मांडीवर तो रुमाल बार्शीपर्यंत होता. मालक येईल म्हणून वाट पाहिली, कोणी आलं नाही. स्थानकात नोंद केली आहे, तिथेही कोणी चौकशीला आलेलं नाही. मी त्यांच्या जागेवर बसले नसते तर त्या चढल्या असत्या का, हे डोक्यातून जात नाही. कोणी यांना ओळखतं का?" आणि त्या ओळीखालीं बाईंच्याच हातचें लिहिलेलें, "हा वाद पूर्वी झाला आहे. गठ्ठा पहिला पाहावा." बाईंनीं तें दोन वेळां वाचलें. शुक्रवार गेला, शनिवार गेला, आणि त्या दोन दिवसांत अकरा हजारांपैकीं एकासही तो धागा दिसला नाहीं, हें त्यांच्या ध्यानीं आलें. गुपचूप कुलूप काढिलें असतें तर कोणास कळलें नसतें. तें मनांत येऊन गेलें, नाहीं ऐसें नाहीं. पण मग बाई खुर्ची ओढून ताठ बसल्या, धाग्याचें कुलूप काढिलें, तो राज्याच्या माथ्यावर सर्वांत वर लाविला, आणि खालीं लिहिलें, "हा धागा मी दोनच ओळी वाचून बंद केला. पुढे एका उमेदवाराचे मूळ कागद सापडल्याची गोष्ट आहे. दोन दिवस वाया गेले ते माझ्यामुळे. उद्या दहाच्या आत या बाईंपर्यंत निरोप पोचला पाहिजे. भांडणं बाजूला ठेवा आणि कामाला लागा. शशिकला ढमढेरे."

हें वाचून जयवंतरावांचा तत्काळ दूरध्वनी आला. म्हणाले, "बाई, मदत मागा, जरूर मागा. पण चूक अशी चव्हाट्यावर कशाला? उद्या तुमच्या कुलपाला कोण मानेल? ती दोन वाक्यं पुसा." बाई म्हणाल्या, "जयवंतराव, तिसऱ्या फलाटाची गाडी मी एकदा चुकून पहिल्या फलाटावर सांगितली होती. मग दुरुस्ती माइकवरच केली. ज्यांनी चुकीचं ऐकलं त्या सगळ्यांना ऐकू जायला नको? राहू द्या ते." जयवंतराव म्हणाले, "बरं. मी पण फोन लावतो कुणाकुणाला." आणि तेही कामास लागले.

मग राज्यांत जी धावपळ जाहली ती वर्णावी तितकी थोडी. प्रथम वडगांव कोणतें याचाच घोळ पडला. कोणी म्हणे नदीकडील, कोणी म्हणे माळावरील, कोणी म्हणे शेजारच्या तालुक्यांतील. पांच वडगांवें निघालीं. वैजयंतीबाईंनीं वकिलास शोभेल ऐसी यादी केली, कोणीं कोणत्या गांवीं कोणास पुसावें तें नांवानिशीं लिहिलें, म्हणजे एकाच सरपंचास दहा जणांचे दूरध्वनी न जावे. दुपारचा एक वाजला, तीन वडगांवें पुसून जाहलीं, सुवर्णा वाघमोडे कोठेंच नाहीं. तेव्हां नामदेवरावांनीं लिहिलें, "गावं सोडा. ही बाई कामाला दुसरीकडेच असणार. तिच्या नावावर अवजड परवाना आहे, हे बघा. आमच्या भागात मोठी गाडी चालवणारी बाई असेल तर ती गावात नाही, रस्त्यावर ओळखीची असणार. चहावाले, पंक्चरवाले, पंपवाले, यांना धरा." त्यावर वैजयंतीबाईंनीं लिहिलें, "कंडक्टर, हे मला सुचायला हवं होतं. यादी बदलते." रुमालाच्या वादांत सात वर्षें ज्यांनीं एकमेकांस बरें म्हटलें नव्हतें, त्यांच्यांत इतकें बोलणें जाहलें, आणि तें पाहून कोणी थट्टा केली नाहीं, कारण वेळ नव्हता. मग टेंभुर्णीपासून जेऊरपर्यंत रस्त्यांवरील टपऱ्यांस दूरध्वनी गेले. बाई कऱ्हाडास आपल्या ओट्यापाशीं उभ्या राहून येईल तो प्रतिसाद शेवटच्या अक्षरापर्यंत वाचीत होत्या, आणि मागें कालच्या भरिताचें पातेलें तैसेंच उघडें होतें. सव्वातीन वाजतां नामदेवरावांचा प्रतिसाद आला. जेऊरच्या अलीकडे एका पंक्चरवाल्यास त्यांनीं पुसलें होतें, आणि तो म्हणाला होता, "सुवर्णा? पाण्याचा टँकर चालवते ती? तिच्या मागच्या चाकाचं पंक्चर परवाच काढलं की मी. नंबर घ्या." आणि नंबर दिला होता.

बाईंनीं स्वतः दूरध्वनी लाविला. पलीकडे इंजिनाची घरघर आणि पाणी पडल्याचा आवाज. "कोण बोलतंय? टँकर भरायला लावलाय, लवकर बोला." बाई म्हणाल्या, "सुवर्णाताई, मी कऱ्हाडहून शशिकला ढमढेरे. तुमचे कागद सापडलेत. हिरवा रुमाल, चौकड्यांचा." तों घरघर एकाएकीं बंद जाहली. सुवर्णाबाईंनीं इंजिन बंद केलें होतें. मग हळू आवाज आला, "खोटं नका बोलू, बाई. मी घरी अजून सांगितलंसुद्धा नाही. टेंभुर्णीच्या गाडीत टाकला म्हणून ती अख्खी गाडी झाडून बघितली मी, सीटखाली वाकून वाकून." बाई म्हणाल्या, "ती टेंभुर्णीची नव्हती. शेजारी बार्शीची लागली होती, तिच्यात टाकलात तुम्ही." खरें वर्तमान ऐसें होतें, कीं त्या दिवशीं जत्रेकऱ्यांची गर्दी लोटली होती, फलाटावर दोन गाड्या एकमेकींस लागून उभ्या होत्या, सुवर्णाबाईंनीं जागा धरण्यासाठीं हातांतील बोचकें खिडकींतून आंत सोडिलें, आणि टेंभुर्णीच्या गाडीच्या दारापाशीं रेटारेटी होऊन त्या मागें ढकलल्या गेल्या, आणि तेवढ्यांत बार्शीची गाडी निघाली. "मग कागद कुणापाशी आहेत?" "बार्शीच्या फरजानाबाईंपाशी. त्या सीटवर त्या बसल्या होत्या." "माझ्या सीटवर?" "हो." यावर सुवर्णाबाई हंसल्या, आणि हंसतां हंसतां रडूं लागल्या. मग बाई म्हणाल्या, "आणखी एक सांगायचंय. हा निरोप तुम्हाला शुक्रवारीच मिळाला असता. मी पूर्ण न वाचता अडवून ठेवला. दोन दिवस तुम्ही जे सोसलंत ते माझ्यामुळे." सुवर्णाबाई नाक ओढून म्हणाल्या, "ते राहू दे बाई. सकाळची पहिली गाडी किती वाजता, ते सांगा आधी."

तीस वर्षें चौकशीच्या खिडकींत बसलेल्या बाईंस त्या बाजूचें वेळापत्रक ठाऊक नव्हतें. त्यांनीं राज्यांत पुसलें, आणि एका पळांत बारा जणांनीं बारा प्रतिसाद लिहिले, आणि बाराही जणांनीं एकच वेळ सांगितली, पहांटे सव्वापांच. बाईंनीं बाराही वाचले, आणि बाराही जणांचे आभार मानिले. मग फरजानाबाईंनीं कागद घेऊन सोलापूर स्थानकावर साडेआठास यावें आणि सुवर्णाबाईंनीं तेथें भेटावें, ऐसें ठरलें.

अष्टमी, सोमवार. फरजानाबाई आठ वाजतांच येऊन चौकशीच्या खिडकीशीं उभ्या राहिल्या, रुमाल दोहीं हातीं छातीशीं धरून, म्हणजे दुरून दिसावा. पावणेनवास सुवर्णाबाई उतरल्या. उंच, काळ्यासावळ्या, डोक्यास घट्ट बांधलेला स्कार्फ, वय तिशीच्या आंत. रुमाल दिसतांच धावत आल्या. फरजानाबाई म्हणाल्या, "मी तुमची जागा घेतली. माफ करा." सुवर्णाबाई गांठ सोडून कागद मोजीत होत्या, मान वर न करितां म्हणाल्या, "तुम्ही घेतलीत म्हणून कागद राहिले. दुसरं कुणी बसलं असतं तर बोचकं खाली ढकलून त्यावर पाय ठेवला असता." चारही कागद नीट होते. फरजानाबाईंनीं त्यांस रुमालाच्या आंत वेगळ्या पिशवींत घालून इस्त्रीच्या कापडासारखे सपाट आणिले होते. मग दोघी रिक्षानें भरतीच्या जागीं गेल्या. दहास दहा मिनिटें कमी असतां सुवर्णाबाई दारांतून आंत गेल्या, आणि फरजानाबाई बाहेर लिंबाच्या सावलींत बसून राहिल्या. साडेअकरास त्यांनीं राज्यांत तीन शब्द लिहिले, "कागद पास झाले." ते पाहून राज्यांत जो आनंद जाहला तो काय सांगावा, चारशें प्रतिसाद पडले. बाई त्या वेळीं तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं ताट खालीं ठेविलें, डोळे पुसले, आणि पुन्हा ताट घेतलें.

परंतु राज्यकारभार कोणासाठीं थांबत नाहीं. मंगळवारीं सकाळीं आठ वाजतां वैजयंतीबाईंनीं नवा धागा काढिला, कीं रुमाल गाडींत, रुमालाची धनीण फलाटावर, आणि गाडी चालू, तर जागा कोणाची? त्यावर नामदेवरावांनीं लिहिलें, "अर्थात सुवर्णाताईंची." आणि वैजयंतीबाईंनीं लिहिलें, "मग त्या जागेवर बार्शीपर्यंत कोण बसलं होतं, हवा?" आणि दोन्ही फौजा पुन्हा उभ्या राहिल्या. जयवंतरावांनीं बाईंस निरोप धाडिला, "गठ्ठा पहिला. लावा कुलूप." बाईंनीं धागा आरंभापासून शेवटपर्यंत वाचला आणि उलट लिहिलें, "लावत नाही. यात अजून कुणाचं गाव निघालेलं नाही. निघालं की बघू." आणि त्याच दिवशीं नवी रीत घातली. विषय पाहून गठ्ठा करणें सोडिलें. लिहिणारा कशासाठीं लिहितो तें पाहावें: कोणी माहिती पुसतो, कोणी भांडण उकरतो, कोणी नुसता सोबतीस येतो, आणि कोणी जुन्या नांवाखालीं आपली नड सांगतो. धागा पुरता वाचल्यावांचून कुलपास हात लावूं नये. आणि एकटीच्या हातून पुन्हा चूक होऊं नये म्हणून नामदेवराव आणि वैजयंतीबाई यांस आपले कारभारी नेमिलें, आणि दोघांनींही होय म्हटलें तरच कुलूप लागावें ऐसा दंडक केला. दोघांचें एकमत सहसा होईना, त्यामुळें कुलुपें फार थोडीं लागूं लागलीं. काम मात्र तिपटीनें वाढलें, आणि कांहीं वात्रट लोक बाई शेवटपर्यंत वाचतात हें पाहून लांबलचक पाल्हाळ लावून शेवटीं "जेवलात का?" ऐसें पुसूं लागले. बाई त्यांसही उत्तर देत, कीं जेवले.

मग बाईंनीं आणखी एक काम आरंभिलें, तें कोणीं सांगितलें नव्हतें. आपण लाविलेलीं चारशें बारा कुलुपें एकेक काढून ते सर्व धागे त्या शेवटपर्यंत वाचूं लागल्या. रोज दुपारीं जेवणानंतर दहा धागे. पौष सरत आला तेव्हां वाचन पुरें जाहलें. बहुतेक धाग्यांत भांडणावांचून कांहीं नव्हतें, आणि तेथें आपला हात बरोबर चालिला होता हें पाहून बाईंस समाधानही जाहलें. परंतु तीन धागे ऐसे निघाले, कीं ज्यांत कोणी खरेंच कांहीं पुसलें होतें आणि त्यास उत्तर मिळालें नव्हतें. एका बाईंस दोन मुलांसह सामान कोठें ठेवावें तें हवें होतें. एकास जुन्या मोडलेल्या थांब्याचें नांव हवें होतें, कारण त्याचे वडील तेथें फळें विकीत. आणि तिसऱ्यानें, गाडी उशिरा कां येते या तक्रारीखालीं, भाद्रपदांत लिहिलें होतें, कीं रुग्णालयाच्या अगदीं फाटकाशीं थांबणारी गाडी कोणती, आईस चालवत नाहीं. बाईंनीं पहिल्या दोघांस उत्तरें दिलीं. तिसऱ्यासाठीं चार ठिकाणीं विचारून गाडी, वेळ आणि थांबा तिन्ही नक्की केलीं, आणि लिहिलें, "उत्तर द्यायला चार महिने उशीर झाला. चूक माझी आहे." दोन दिवसांनीं त्याचा प्रतिसाद आला, "आता गरज उरली नाही, बाई. पण वेळ लिहून ठेवतो. आमच्या गल्लीत बऱ्याच जणांना लागते." गरज कां उरली नाहीं तें बाईंनीं पुसलें नाहीं. मग ती गाडी, ती वेळ आणि तो थांबा त्यांनीं राज्याच्या माथ्यावर, सर्वांस येतांजातां दिसेल ऐशा जागीं, ठळक अक्षरांत लाविला, आणि तो आजतागायत तेथें आहे.

एवंच, सुवर्णा वाघमोडे यांची निवड होऊन त्या चालकाच्या शिक्षणास गेल्या. फरजाना तांबोळी राज्यांत मानाच्या ठरल्या. दोन सरदार भांडत भांडत एक कारभार पाहूं लागले. वाद कमी जाहले नाहींत, रयत वाढली. आणि शशिकलाबाई ढमढेरे यांजकडे किल्ल्या कायम राहिल्या. घडलें तें इतुकें, लिहिलें तें तितुकें.